गाणं उघडून बघा

तुमच्या फोनमधलं एखादं आवडतं गाणं घ्या आणि उघडा. वाजवू नका हं, उघडा. डबा उघडून आत भाजी कुठली आहे ते बघतो ना, तसं. लॅपटॉपवर ती एमपीथ्री फाइल एखाद्या टेक्स्ट एडिटरमध्ये टाका. काय दिसलं? चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कसलीशी अगम्य अक्षरं. यात ढोलकी कुठे, बेस गिटार कुठे, गायिकेने श्वास कुठे घेतला, काही म्हणता काही कळत नाही. सगळं एकजीव झालंय. मिसळीचा कट एकदा तयार झाला की त्यातलं खोबरं वेगळं काढता येत नाही, तसंच.

आता दुसरी फाइल घ्या. नावाच्या शेवटी ‘डॉट मॉड’. वय तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त, वजन शंभर-दोनशे केबी. (१२८ केबीपीएसचं तीन मिनिटांचं एमपीथ्री गाणं जवळपास तीन एमबी खातं.) ही उघडली की आत आधी गाण्याचं नाव येतं. मग वाद्यांची यादी. मग कोणत्या क्षणी कोणतं वाद्य कोणत्या सुरात वाजवायचं याचा तक्ता. आणि शेवटी त्या वाद्यांचे खरेखुरे आवाज. म्हणजे मिसळ तर आहेच, शिवाय रेसिपी आहे आणि मटकी, फरसाण, मसाला अशा वेगवेगळ्या पुड्याही सोबत बांधून दिल्यात!

आणि जे तक्त्यात आहे त्याचं चित्र काढता येतं. तेही फोटोशॉपशिवाय, काळ्या टर्मिनलच्या खिडकीत. हे वाचून “हे आयटीवाल्यांचं काम” असं म्हणून पान उलटू नका. मी मास कॉमची विद्यार्थिनी आहे. एक शनिवार-रविवार आणि पायथनच्या शंभरेक ओळी एवढ्यावर हे जमतं, एकही जादाची लायब्ररी न घेता.

चार वाद्यं, बस्स!

१९८५ मध्ये कमोडोर कंपनीने अमिगा नावाचा कॉम्प्युटर आणला. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये त्याचं लाँचिंग झालं, तेव्हा अँडी वॉरहॉलने स्टेजवर बसून त्यावर चित्र रंगवलं होतं. या अमिगात पॉला नावाची एक चिप होती. तिचं काम आवाज काढणं. एका वेळी चार आवाज, चारच. पण हे चार आवाज नुसते ‘बीप बीप’ नव्हते. खरा रेकॉर्ड केलेला आवाज, म्हणजे सॅम्पल, ती हव्या त्या सुरात वाजवू शकायची.

१९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्की या जर्मन तरुणाने या चिपसाठी ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. पडद्यावर चार उभे रकाने, प्रत्येक आवाजाला एक. वरून खाली ६४ ओळी. ओळ क्रमांक अमुक, रकाना तमुक, इथे तिसरं वाद्य, सूर हा. झालं. गाणं वाजायला लागलं की ओळी लिफ्टसारख्या वर सरकत जातात. अशा ६४ ओळींच्या एका पानाला पॅटर्न म्हणतात आणि पॅटर्न एकामागे एक लावले की गाणं.

ज्यांनी हार्मोनियमच्या क्लासला भातखंडे पद्धतीची वही भरली असेल, त्यांना हे पटकन कळेल. तिथे मात्रा आडव्या मांडतात, इथे उभ्या, एवढाच फरक. बहुतेक गाण्यांत चार ओळींचा एक ठोका धरतात. म्हणजे ६४ ओळींत १६ ठोके. तीनतालाच्या एका आवर्तनाएवढ्या मात्रा!

पुढे युरोपभरातल्या पोरांनी हे सॉफ्टवेअर अक्षरशः सोलून काढलं. स्वीडनच्या महोनी आणि कॅक्टस या जोडीने १९८९ मध्ये नॉइजट्रॅकर आणलं, पाठोपाठ प्रोट्रॅकर आलं. पंधरा वाद्यांची मर्यादा एकतीसवर गेली. ही सगळी मंडळी ‘डेमोसीन’ची. कोड, चित्र आणि संगीत एकत्र करून कॉम्प्युटरकडून अशक्य वाटेल असं काम करून घ्यायचं आणि ते एकमेकांना फ्लॉपीवर पोस्टाने पाठवायचं, हा त्यांचा छंद. वय बहुतेकांचं तुमच्याएवढं किंवा त्याहून कमी. २०२० मध्ये फिनलंडने आणि २०२१ मध्ये जर्मनीने या डेमोसीनला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं. रात्री जागून केलेले ‘टाइमपास’ उद्योग असे यादीत जातात बघा कधीकधी.

तुम्ही हे संगीत ऐकलंच नाही असं समजू नका. ‘अनरिअल टूर्नामेंट’ किंवा पहिलं ‘डेउस एक्स’ खेळला असाल तर त्यातलं पार्श्वसंगीत याच जातकुळीचं आहे. तुमच्या मामाने सायबर कॅफेच्या जमान्यात कुठल्यातरी सॉफ्टवेअरची ‘की’ काढून देणारी छोटीशी खिडकी उघडली असेल आणि त्यातून अचानक टुंगटुंग टुंगटुंग संगीत सुरू झालं असेल, तर तेही बऱ्याचदा ट्रॅकरचंच असायचं. आणि ‘पोएट्स ऑफ द फॉल’चे फॅन असाल, तर त्यांचा कीबोर्डवाला मार्कस कारलोनेन म्हणजे ‘कॅप्टन’. ‘स्पेस डेब्री’ हे मॉड विश्वातलं गाजलेलं गाणं त्याचं आहे. हा बँड भारतात येऊन वाजवूनही गेलाय.

पोटमाळ्यातले बिट

आता फाइलच्या आत जाऊ. पहिले २० बाइट गाण्याचं नाव. मग ३१ वाद्यांची माहिती, प्रत्येकाला ३० बाइट. त्यातले २२ वाद्याच्या नावाचे, उरलेल्यांत लांबी, बारीक सूर जुळवणी, आवाजाची पातळी आणि पुन्हा पुन्हा वाजवायचा भाग कुठून कुठे, हे सगळं. मग गाण्यात किती पानं वाजवायची तो एक आकडा, एक फारसा कामाचा नसलेला बाइट, मग कोणत्या क्रमाने वाजवायची त्याची १२८ जागांची यादी. मग चार बाइटची सही: इंग्रजी ‘एम’, टिंब, ‘के’, टिंब. बेरीज करा. १,०८४ बाइट. त्यानंतर लगेच पॅटर्न सुरू.

एकूण पॅटर्न किती हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही! क्रमाच्या यादीतला सगळ्यात मोठा आकडा शोधायचा आणि त्यात एक मिळवायचा. हे मला फार आवडलं. प्रत्येक गोष्ट कुणीतरी लिहून ठेवलीच पाहिजे असं नाही, बघून कळते.

एका सुराला चार बाइट, म्हणजे ३२ बिट. त्यातले १२ सुराला, १२ इफेक्टला आणि ८ वाद्याच्या क्रमांकाला. गंमत अशी, की हे आठ बिट एकत्र राहत नाहीत. चार पहिल्या बाइटच्या माथ्यावर, चार तिसऱ्या बाइटच्या माथ्यावर. असं का? मूळ सॉफ्टवेअरमध्ये वाद्यं पंधराच होती आणि पंधराला चार बिट पुरतात. नंतर वाद्यं ३१ झाली. पण जुन्या फाइल्सचा साचा मोडायचा नव्हता, म्हणून पुढच्या रिकाम्या जागेत जादाचा भाग बसवला. चाळीतल्या खोलीत माणसं वाढली की पोटमाळा काढतात, अगदी तसं.

सूर कसा लिहिलाय? तो ‘सा रे ग’ किंवा ‘सी डी ई’ असा नाही. तो एक वेळ आहे. चिपने पुढचा नमुना वाजवण्याआधी किती थांबायचं, तो आकडा. ४२८ म्हणजे मधल्या सप्तकाचा सी. अशा वेळी पॉला सेकंदाला साधारण ८,२८७ नमुने वाजवते. ८५६ म्हणजे त्याच्या खालचा सी, २१४ म्हणजे वरचा. आकडा लहान तेवढा सूर चढा. कमी थांबायचं, भरभर वाजवायचं, आवाज वर. प्रोट्रॅकरची तीन सप्तकं ८५६ पासून ११३ पर्यंत. एकूण ३६ सूर. हा ३६ लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आणि लय? काही वेगळं सांगितलं नसेल तर एक ओळ ०.१२ सेकंद टिकते. सेकंदाला ५० टिक, ओळीला सहा टिक. हे ५० आले युरोपच्या पाल टीव्हीवरून, ज्याचा पडदा सेकंदाला ५० वेळा ताजा व्हायचा. आपल्या दूरदर्शननेही पालच स्वीकारलं होतं, म्हणजे आई-बाबांनी ‘चित्रहार’ बघितला तोही याच ठेक्यावर.

टर्मिनलमध्ये रांगोळी

टर्मिनल म्हणजे फक्त अक्षरं, अशी आपली समजूत. पण १९८० च्या दशकात डीईसी या अमेरिकन कंपनीने अक्षरांतूनच चित्र पाठवायची एक युक्ती काढली. आधी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी. बँकेत पासबुक भरताना कर्रर्र कर्रर्र करत जातो ना, त्या जातीचा प्रिंटर. पुढे ती पडद्यावरही आली. १९८७ चं त्यांचं व्हीटी ३४० हे टर्मिनल १६ रंगांत चित्र दाखवायचं. या युक्तीचं नाव सिक्सेल. सिक्स पिक्सेल, म्हणून सिक्सेल.

ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. एकाखाली एक सहा ठिपके. प्रत्येक ठिपका भरलेला किंवा रिकामा. सगळ्यात वरच्याची किंमत १, त्याखालच्याची २, मग ४, ८, १६, ३२. भरलेल्या ठिपक्यांच्या किमतीची बेरीज करायची, त्यात ६३ मिळवायचे आणि त्या क्रमांकाचं अक्षर पाठवायचं. सहाही रिकामे असतील तर बेरीज शून्य, अक्षर ६३ वं, म्हणजे प्रश्नचिन्ह: ‘?’. फक्त वरचा भरलेला असेल तर ६४ वं, म्हणजे ‘@’. सहाही भरलेले तर १२६ वं, म्हणजे ‘~’. एका उभ्या रेघेला एक अक्षर. अशी अक्षरं आडवी लावत गेलं की सहा ठिपके उंचीचा पट्टा तयार होतो. ‘-’ दिलं की खालचा पट्टा सुरू. एकच अक्षर वीस वेळा हवं असेल तर ‘!’, मग २०, मग ते अक्षर. सुरुवातीला एस्केप, कॅपिटल पी आणि स्मॉल क्यू पाठवायचं, शेवटी एस्केप आणि उलटी तिरपी रेघ. चित्र तयार.

रंगांचं काम मला जास्त ओळखीचं वाटलं, कारण ते छापखान्यासारखं चालतं. तुमच्या हातातलं हे रंगीत पान चार शाईंचे चार थर एकावर एक देऊन छापलेलं असतं. सिक्सेलमध्येही तसंच. ‘#’ देऊन एक रंग उचलायचा, पट्टाभर त्या रंगाचे ठिपके द्यायचे. मग ‘$’ दिलं की पेन त्याच पट्ट्याच्या सुरुवातीला परत. दुसरा रंग, तोच पट्टा. आधीचे ठिपके पुसले जात नाहीत. (रंगाचे आकडे ० ते १०० मध्ये द्यायचे, वेब डिझाइनसारखे २५५ पर्यंत नाही.) चार आवाजांना चार रंग, चार थर. हिशेब कसा जुळला बघा!

आता तो ३६ काढा. सूर ३६, पट्ट्याची उंची ६. एका सुराला एक ठिपका दिला तर सहा पट्ट्यांत सगळी तीन सप्तकं मावतात. पण चित्र होतं ६४ बाय ३६, पोस्टाच्या तिकिटाएवढं. त्यापेक्षा एका सुराला एक अख्खा पट्टाच द्या. मग बेरजा करायची गरजच नाही. सूर असेल तिथे ‘~’, नसेल तिथे ‘?’. प्रत्येक ओळीला आठ ठिपक्यांची रुंदी द्या. ५१२ बाय २१६ चं ऐसपैस चित्र मिळतं आणि ते काढायला दोनच अक्षरं लागतात. सुरुवात इथूनच करा. थांबण्याच्या आकड्यावरून सुराचा क्रमांक काढायला ८५६ ला त्या आकड्याने भागायचं, भागाकाराचा दोन पायाचा लॉगरिदम घ्यायचा, बाराने गुणायचं आणि जवळचा पूर्णांक धरायचा. ८५६ ला शून्य येतं, ११३ ला ३५. बारावीचं गणित शेवटी कुठेतरी उपयोगी पडलं म्हणायचं.

रंग निवडताना एक सुचवते. अमिगामध्ये पहिला आणि चौथा आवाज पूर्ण डाव्या बाजूला, दुसरा आणि तिसरा पूर्ण उजव्या बाजूला. मधलं काही नाहीच. (इअरफोन लावून ऐकलं तर थोडं चक्रावायला होतं.) डाव्या आवाजांना केशरी छटा आणि उजव्यांना निळ्या दिल्या, तर चित्र बघूनच कुठल्या कानात काय वाजणार ते कळतं.

काय दिसतं?

ड्रम सरळ रेषेत दिसतात. सूर बदलायचं त्यांना कारण नसतं, म्हणून एकाच उंचीवर ठरावीक अंतराने ठिपके, पुलावरच्या दिव्यांसारखे. बेस तळाशी हळूहळू पायऱ्या चढतो-उतरतो. मेलडी वर नागमोडी जाते. आणि मग कधीतरी दिसतं, की मेलडीचाच आकार दुसऱ्या रंगात, थोडा उजवीकडे सरकून, पुन्हा आलाय. हा एको आहे! अमिगात एकोचं बटण नव्हतं. मग पोरं काय करायची, तर तेच सूर दुसऱ्या रकान्यात दोन-तीन ओळी खाली लिहायची आणि आवाज कमी ठेवायची. आवाजाच्या पातळीप्रमाणे रंग फिका केला की ती मेलडीची सावलीच दिसते. ऐकताना कानाला नुसता मोठा हॉल वाटतो. चित्रात युक्ती पकडली जाते.

दुसरी युक्ती मात्र साध्या चित्रात लपून राहते. चार आवाजांत ड्रम, बेस, मेलडी झाल्यावर कॉर्ड वाजवायला एकच रकाना उरतो आणि कॉर्डला तर तीन सूर हवेत. म्हणून शून्य क्रमांकाचा इफेक्ट, अर्पेजिओ. एका ओळीच्या सहा टिकमध्ये तीन सूर आळीपाळीने, इतक्या भरभर की कानाला ते एकत्र वाटतात. ती थरथरती, गुदगुल्या केल्यासारखी कॉर्ड म्हणजे या संगीताची ओळखच. पण सुराच्या १२ बिटांत एकच सूर लिहिलेला असतो, बाकीचे दोन इफेक्टच्या रकान्यात. म्हणून इफेक्टही वाचा आणि तिथे एकाऐवजी तीन ठिपके द्या. लगेच शिडी उभी राहते. तसेच ‘बी’ आणि ‘डी’ हे इफेक्ट बघायला विसरू नका. ते पान अर्ध्यावर सोडून पुढे उडी मारतात. न वाजलेल्या ओळी रंगवल्या तर चित्र खोटं ठरेल.

सूर-बिर काही न समजून घेता करायचा एक प्रयोगही सांगते, कारण मला स्वतःला तो सगळ्यात भारी वाटला. फाइलचा प्रत्येक बाइट म्हणजे एक ठिपका धरा, आकडा मोठा तर ठिपका उजळ. पहिले १,०८४ बाइट सोडून द्या आणि रुंदी १०० ठेवून चित्र काढा. तिरक्या रेघा दिसतील, केबल नीट न लागलेल्या टीव्हीसारख्या. आता रुंदी ६४ करा. झटक्यात सगळं सरळ उभं राहतं! चार रकाने गुणिले चार बाइट, म्हणजे एका ओळीला १६ बाइट. रुंदी १६ च्या पटीत आली की रकान्याखाली रकाना येतो. आणि पॅटर्न संपतात तिथे चित्र अचानक धुक्यात जातं. ते धुकं म्हणजे वाद्यांचे आवाज. फाइलची रचना न वाचता, नुसती रुंदी कमी-जास्त करत तुम्ही ती शोधून काढलेली असते.

त्या धुक्याचंही वेगळं चित्र काढा. तिथे प्रत्येक बाइट -१२८ ते १२७ मधला एक आकडा, शून्य म्हणजे शांतता. मधोमध रेघ धरून वर-खाली ठिपके द्यायचे. किक ड्रमच्या लाटा सुरुवातीला एकमेकींना चिकटलेल्या असतात, मग पसरत जातात आणि विरतात. हाय-हॅट म्हणजे कुंचल्याचा दाट फटकारा. ज्या वाद्याचा शेवट पुन्हा पुन्हा वाजवायचाय, त्यात लूपची दोन टोकं वेगळ्या रंगात दाखवा. ती लाटेच्या बरोब्बर जुळणाऱ्या जागी ठेवलेली दिसतील. जुळली नाहीत तर दर फेरीला ‘टक्’ असा आवाज येतो.

हे सगळं कशासाठी, असं विचाराल. आमच्या कॉलेजच्या बँडचं उदाहरण देते. त्यांनी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी स्वतःचं गाणं केलं होतं. दोन वर्षांनी तेच पुन्हा करायचं ठरलं. आधीची गायिका काळी पाचला गायची, नव्या मुलीला काळी दोन हवी होती. प्रोजेक्ट फाइल सापडली, पण सॉफ्टवेअरची ट्रायल कधीच संपली होती आणि त्यात वापरलेले प्लगइन आता कुणाकडेच नव्हते. हाताशी उरली फक्त एक एमपीथ्री, त्यात आधीचीचा आवाज एकजीव झालेला. मग सगळ्यांनी कानाने ऐकून आपापला भाग पुन्हा बसवला. आठवडा गेला. आणि कीबोर्डवरचा एक तुकडा, ज्याच्यावर सगळे फिदा होते, तो काही केल्या परत सापडला नाही.

दोन वर्षांत हे झालं. उलट १९८९ च्या मॉड फाइलचा प्रत्येक सूर आज पायथनच्या शंभर ओळींनी वाचता येतो. ज्या कंपनीने अमिगा बनवला ती कमोडोर १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली, तरीही. हल्ली एआयवाली टूल्स तयार गाण्यातून वाद्यं वेगळी काढून देतात, मस्तच देतात, पण तो अंदाज असतो. मॉडच्या चित्रात अंदाज नाही. जो ठिपका आहे, तो कुणीतरी तिथे टाइप केलेला आहे. ॲपमधलं नाचणारं व्हिज्युअलायझर आणि हे चित्र यांत माझ्या मते हाच फरक. ते गाण्याची सजावट करतं, हे गाण्याचा हिशेब दाखवतं.

अर्थात, सगळं उघडं ठेवण्याची किंमतही होती. पुड्या सोबतच बांधलेल्या, त्यामुळे कुणीही कुणाचाही ड्रम उचलून स्वतःच्या गाण्यात टाकायचा. याला ‘रिपिंग’ म्हणायचे आणि त्यावरून कडाक्याची भांडणं व्हायची. चिडलेले संगीतकार आपला राग काढायचे कुठे, तर वाद्यांच्या नावांच्या यादीत! ३१ नावं, प्रत्येकी २२ अक्षरं, म्हणजे ६८२ अक्षरांची मोफत भिंत. ‘बेस’, ‘स्नेअर’ लिहिण्याऐवजी लोक तिथे मित्रांना नमस्कार, चोरांना शिव्या आणि चक्क घरचे पत्ते लिहायचे, फ्लॉपी पाठवता यावी म्हणून. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ही यादी चित्राच्या शेजारी नक्की छापा. (त्यातला पत्ता दिसला तर मात्र स्टोरीला टाकू नका, तिथे आज दुसरंच कुणी राहत असेल.)

करायला काय लागेल? सिक्सेल समजणारं टर्मिनल. विंडोजचं स्वतःचं टर्मिनल १.२२ आवृत्तीपासून हे दाखवतं. मॅकवर आयटर्म टू, लिनक्सवर कॉन्सोल, फूट किंवा वेझटर्म. एक्सटर्ममध्येही होतं, पण ते व्हीटी ३४० म्हणून सुरू करावं लागतं. फाइल्स ‘द मॉड आर्काइव्ह’ या संग्रहात मुबलक आहेत. ऐकायला मोफत मिळतात, पण गाणं ज्याचं त्याचंच असतं, तेव्हा रीलवर लावण्याआधी हक्क तपासा. सोबत ओपनएमपीटी हे मोफत सॉफ्टवेअर ठेवा. त्यात तोच तक्ता डोळ्यांनी बघून तुमचं चित्र बरोबर आलंय का ते पडताळता येतं.

फाइल निवडताना ‘डॉट एक्सएम’, ‘डॉट एसथ्रीएम’ किंवा ‘डॉट आयटी’वाल्या सध्या बाजूला ठेवा. ती पुढच्या पिढीची भावंडं आहेत. त्यांच्यात रकाने जास्त, पानांची लांबी कमी-जास्त आणि मजकूर दाबून बसवलेला. आधी साधी चार आवाजांची मॉड. ती हाताशी आली की पुढची पायरी म्हणजे चित्रावर दर ०.१२ सेकंदाला एक उभी रेघ सरकवणं आणि शेजारच्या खिडकीत गाणं वाजवणं. मध्येच रेघ मागे पडायला लागली तर ‘एफ’ इफेक्ट शोधा, तिथे संगीतकाराने वेग बदललेला असतो.

आणि शून्यापासून मोजत १,०८० व्या जागेवर गेलात, पण तिथे ‘एम-टिंब-के-टिंब’ किंवा तशी कुठलीच सही दिसली नाही, तर फाइल बिघडली असं धरून डिलीट करू नका. ती बहुधा एकतीस वाद्यांच्या आधीची आहे, ओबार्स्कीच्या मूळ सॉफ्टवेअरच्या काळातली. त्या फाइल्सना सहीच नसायची. वाद्यं पंधरा आणि पहिला सूर १,०८४ ऐवजी ६०० व्या बाइटवर. स्क्रिप्टमधले हे दोन आकडे बदला आणि पुन्हा चालवा.